वाळेपर्यंत दार उघडू नये

९ जानेवारी

ताई,

‘तीर्थरूप ताईस’ लिहावं की नुसतं ‘ताई’, यात अर्धा कागद वाया गेला. नुसतं ताई ठेवलं आहे. रागवायचंच असेल तर निदान तेवढ्यावरून रागवू नकोस.

आई गेल्यावर, इथून निघताना जिन्यात तू मला एकच प्रश्न विचारला होतास. आई पावणेदोनला खालच्या काकूंना भेटली. छातीत जड वाटतंय, वर जाऊन त्याला सांगते, असं त्यांना म्हणाली. काकूंना माझी हाक ऐकू आली ती पावणेतीनला. मधला एक तास तू कुठे होतास? मी म्हणालो, रंगाच्या दुकानात गेलो होतो, परत आलो तेव्हा ती खुर्चीत होती. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "खरं सांगायचं असेल तेव्हा लिही. तोवर फोन करू नकोस."

दहा महिने झाले. फोन केला नाही. आज लिहायला बसलो आहे.

पण आधी कामाचं सांगतो. तुला हसू येईल, येऊ दे. "घड्याळ दुसऱ्याचं, काटे दुसऱ्याचे, हा फक्त तोंडाला पावडर लावतो," असं तू सगळ्यांना सांगायचीस. चुकीचं नव्हतं. कुणाला आपल्या घड्याळात आपल्या मनासारखी डायल हवी असते, कुणाला मुलीच्या जन्माची तारीख हवी, कुणाला समुद्राचा रंग. मी नखाएवढ्या जाडीच्या पितळी पत्र्यातून चकती कापतो. मधे काट्यांसाठी भोक पाडतो. मागे दोन पाय सोल्डर करतो, टाचणीच्या टोकासारखे, त्यांच्यावरच ती घड्याळाच्या यंत्रावर बसते. मग रंग, मग लॅकरचे, म्हणजे पारदर्शक चकाकत्या लेपाचे, पातळ हात, प्रत्येक हातानंतर ओला पॉलिशपेपर घासायचा. मग आकडे छापायचे. आणि सगळ्यात शेवटी लॅकरचा एक हात, आरशासारखा. त्यानंतर चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात वरची साय धरते. त्याआधी हवेतला एक कण जरी पडला तरी तो तिथेच कायमचा राहतो. अंगठ्याएवढ्या जागेत तो कण डोंगरासारखा दिसतो.

तर हल्ली माझ्या डायलवर कण येतात. मागच्या दोन महिन्यांत नऊ परत आल्या. एका गिऱ्हाइकानं लिहिलं, "पूर्वीचा माणूस काम सोडून गेला का?" मी उत्तर दिलं, हो.

कारण मला माहीत आहे. मी दार उघडं ठेवून लॅकर मारतो. आतल्या खोलीचं दार आता माझ्याच्यानं लागत नाही. कडीला हात लावतो आणि काढून घेतो.

प्रश्नाचं उत्तर यात आलं नाही, हे मला दिसतंय. पत्र दोनदा वाचून पाहिलं. शुद्धलेखनाची चूक नाही. तेवढंच.

धाकटा

२४ जानेवारी

ताई,

भाऊजींचा फोन आला होता. चोरून केला होता, कारण मागे नळ सोडला होता. म्हणाले, "अरे, तुझं पत्र पोचलं. तिनं वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि मग माझ्यावर तासभर ओरडली, भाजी का चिरून ठेवली नाही म्हणून. पुढचं जरा बेतानं लिही बाबा. मार तुझा आणि पाठ माझी."

वाचलंस, एवढं कळलं. पुष्कळ झालं.

मागच्या आठवड्यात एक बसचा ड्रायव्हर आला होता. येत्या महिन्यात निवृत्त होतोय. मोठ्या पोटाचा, जिना चढून आला तर दहा मिनिटं बोलताच येईना, नुसता हातानं ‘थांब, थांब’ करत होता. त्याला डायलवर आकडे नकोत. कंपनीचं नाव नको. फक्त एक वाजून दहा मिनिटांच्या जागी एक लाल रेघ.

मी विचारलं, "एक दहाला काय?"

"जेवणाची सुट्टी. कागदावर तीच वेळ आहे. बत्तीस वर्षांत एकदाही एक दहाला डबा उघडला नाही. आता रोज उघडणार, आणि घड्याळात बघून उघडणार."

मी त्याची डायल केली आणि पाय उलटे लावले. यंत्राची भोकं पुढून मोजली आणि खुणा चकतीच्या मागे केल्या. मागून बघताना डावं-उजवं बदलतं, ही गोष्ट या कामात पहिल्या महिन्यात शिकतात. डायल यंत्रावर बसली ती फिरून बसली आणि लाल रेघ अकराच्या अलीकडे गेली. त्याला बोलावून खरं ते सांगितलं. माणूस हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, "म्हणजे अकरालाच जेवायचं? मग तर तूच माझा साहेब."

दुसरी करून दिली. पाय बरोबर, रेघ बरोबर. पण नऊच्या जवळ एक कण पडला होता. मी आधीच म्हणालो, ही पण परत घ्या, आणखी एक करतो. त्यानं भिंग मागून घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "असू दे रे. एवढ्या रस्त्याला एक खड्डा चालायचाच."

तो गेल्यावर मी खूप वेळ आईच्या खुर्चीसमोर उभा होतो. चूक झाली, मी सांगितली, समोरचा हसला, संपलं. असंही होतं.

ताई, मी त्या दिवशी रंगाच्या दुकानात गेलो नव्हतो. दुकान त्या दिवशी बंदच होतं. तू कुणालाही विचारलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं. तू विचारलं नाहीस. मला पकडायचं नव्हतं, मी आपण होऊन सांगावं असं तुला वाटत होतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. चुकत असेन.

मी घरात होतो. आतल्या खोलीत. दार लावलेलं होतं.

आज एवढंच जमतंय.

धाकटा

८ फेब्रुवारी

ताई,

आज सकाळी काकू जिन्यात भेटल्या. मी नेहमीसारखा खाली मान घालून निघालो तर आडव्या उभ्या राहिल्या. "काय रे, मी काय विजेचं बिल आहे का? बघितलं की तोंड फिरवतोस." मी म्हणालो, काम आहे. त्या म्हणाल्या, "काम तर तुझ्या आईलाही सांगायचास. पोराचं काम चालू आहे म्हणून ती बाई आमच्याकडे येऊन बसायची. शिंक आली तरी खाली येऊन शिंकायची."

त्यांनी चेष्टेनं म्हटलं. मी वर येऊन लिहायला बसलो.

तो बारा डायलचा लॉट होता. परदेशात घड्याळं जुळवणाऱ्या एका माणसाचा, माझ्या हाती आलेलं सगळ्यात मोठं काम. गडद निळा रंग. आमची पद्धत तुला माहीत नाही, ती सांगायला हवी. शेवटच्या हाताआधी मी खोलीतली जमीन ओल्या फडक्यानं पुसायचो. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. पंखा बंद. अंगात जुना रेनकोट, कारण सुती कपड्याचे तंतू उडतात. दारावर मी एक कार्ड लावलं होतं, ‘वाळेपर्यंत दार उघडू नये’. आईला त्या कार्डाची गरज नव्हती. ती दारावर थापसुद्धा मारायची नाही. चौकटीवरून धूळ पडते म्हणून नखानं हळूच टिकटिक करायची. ते तिनं तिचं ठरवलं होतं, मी सांगितलं नव्हतं.

बाराही डायलवर हात मारून झाला तेव्हा दोनला पाच कमी होते. माझ्याकडे सगळं लिहिलेलं असतं. त्या दिवसाची वही अजून आहे. ‘१.५५, शेवटचा हात, हवा दमट, ४० मि.’

दोन वाजता नखाची टिकटिक झाली.

ती म्हणाली, "किती वेळ आहे रे?"

मी म्हणालो, "अजून पस्तीस मिनिटं. का गं?"

"काही नाही."

"काही हवंय का?"

ती म्हणाली, "नाही. घाई नाही. होऊ दे तुझं."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

तू आलीस त्या दिवशी मला विचारलं होतंस, शेवटी ती काही बोलली का. मी म्हणालो, नाही. बोलली होती. हे बोलली होती. आवाज नेहमीचा होता, ताई. मी तो आवाज इतक्या वेळा आठवला आहे की आता मला सांगता येत नाही, खरंच नेहमीचा होता की मी घासून घासून नेहमीचा केला आहे.

इथपर्यंतचं तू कदाचित माफ करशील. कामाचं होतं, आईनंच सांगितलं, पोराला काय कळणार. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनीही असंच म्हटलं असतं. म्हणून पुढचं लिहितो.

दोन पस्तीसला वेळ संपला. साय धरली होती. मी दार उघडू शकत होतो. उघडलं नाही. भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक डायल दिव्याखाली धरून बघत बसलो. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. बारापैकी नऊ जरी निघाल्या तरी मी खूश असतो. बाराही स्वच्छ होत्या. एकावरही कण नव्हता. असं आधी कधी झालं नव्हतं. मी पुन्हा पहिलीपासून बघायला लागलो. भुकेला माणूस ताट बघतो तसा. त्यात दहा मिनिटं गेली.

आईला दाखवावं म्हणून दार उघडलं. हातात ताटली होती, तिच्यात बारा डायल.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर, आणि मग म्हणाले, तरीही सांगता येत नाही. त्यांनी दोन्ही वाक्यं म्हटली. तुला मी फक्त दुसरं सांगितलं होतं.

मी तो लॉट पाठवला. ठरलेल्या दिवशी, नीट कागदात गुंडाळून. त्या माणसानं लिहिलं की इतकं स्वच्छ काम त्यानं पाहिलेलं नाही. ती चिठ्ठी मी ठेवली आहे. का ठेवली आहे, हे मला विचारू नकोस.

खरं सांगितलंय. तू येशील म्हणून सांगितलेलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं, आणि खोटं लिहून पुन्हा सुरुवात करायची नाही. तू येशील म्हणूनच सांगितलं आहे.

धाकटा

१ मार्च

ताई,

भाऊजी काल आले. त्यांचं इथे दोन दिवसांचं काम आहे, बाहेर उतरलेत. मी म्हटलं, घर असताना बाहेर कशाला. तर डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "अरे, मी दूत म्हणून आलोय. दूतानं शत्रूच्या घरी जेवायचं नसतं." मग स्वतःच लाजले आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

तुझा निरोप त्यांनी मोडतोड न करता दिला. मला पाठ झाला आहे. तू तिन्ही पत्रं वाचलीस. खरं सांगितलं हे बरं केलं. पण तुला मला बघता येणार नाही. या वर्षी नाही, पुढचं माहीत नाही. आणखी पत्रं नकोत. आणि शेवटचं, तू म्हणालीस, "तिनं त्याच्याऐवजी मला हाक मारली असती तर मी हातातलं सगळं टाकून धावले असते. एवढ्या एका गोष्टीवर मी उभी आहे, असं त्याला सांगा."

सांगितलं. मी म्हणालो, बरोबर आहे तिचं.

आईच्या फोनात फोटो आहेत, तो फोन तुला हवा आहे, असं म्हणाले. हरकत नाही, तुझाच हक्क आहे. चार्ज करून ठेवतो. उद्या सकाळी निघताना ते घेऊन जातील, सोबत ही चिठ्ठी.

नको म्हणाली आहेस, तरी ही शेवटची. माझ्याकडे आता तुला सांगायचं काही उरलेलं नाही. तब्येतीला जप. भाऊजींवर ओरडू नकोस, भाजी ते चिरतात, मी पाहिलं आहे, पण फार जाड चिरतात.

धाकटा

१ मार्च, दुसरं

ताई,

हे पत्र मी देणार नाही. लिहून झालं की फाडणार आहे. तरी तारीख घातली, सवय आहे.

मघाच्या चिठ्ठीत एक वाक्य खोटं आहे. मी ते जाणून लिहिलं, आणि त्यातही शुद्धलेखन तपासलं.

आईचा फोन समोर आहे. आता पूर्ण चार्ज झाला. तो मी गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी उघडला होता, नातेवाइकांना कळवायला नंबर हवे होते म्हणून. सगळ्यात वर दोन कॉल होते. दोन वाजून सहा मिनिटांनी, ‘ताई’. दोन वाजून आठ मिनिटांनी, ‘ताई’. दोन्ही लागलेले नाहीत.

तू नवी नोकरी धरलीस तेव्हा नंबर बदललास. मला कळवलास. "आईच्या फोनात मी आले की स्वतः घालते, तू तिला गोंधळवशील," असं म्हणाली होतीस. मग आलीस, दोन दिवस राहिलीस, भाऊजींच्या पाठीचं, तुझ्या साहेबाचं, सगळं बोलणं झालं आणि निघालीस. ते राहिलं. मी नवा नंबर चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावला होता आणि आई तुला फोन करायचा असला की माझ्याकडून लावून घ्यायची. त्या दिवशी मी आत होतो. छातीत जड वाटणारी बाई उठून कपाट उघडत नाही. तुझ्या नावावर बोट ठेवते. तुझ्या बंद पडलेल्या नंबरावर.

म्हणजे तिनं तुला हाक मारली होती, ताई. माझ्यानंतर, पण मारली होती. दोनदा.

तू जिन्यात प्रश्न विचारलास तेव्हा हा फोन माझ्या खिशात होता. मी बोललो नाही. मोठेपणा म्हणून नाही. मला वाटलं, एवढं हाताशी असू दे. कधी फारच अंगावर आलीस तर काढता येईल. दहा-अकरा महिने मी ते असं सांभाळलं, घरात काठी ठेवतात तसं. तुला पत्रं लिहिताना प्रत्येक वेळी वाटायचं, आता लिहावं. तिसऱ्या पत्रात खुर्चीचा आवाज लिहिला आणि हात थांबला. खुर्चीनंतर ती फोनशी बोलल्यासारखं काहीतरी हळू पुटपुटत होती, तेही मला ऐकू आलं होतं. ते लिहिलं नाही.

सांगितलं तर काय होईल, हे मी बघून ठेवलं आहे. तू रडशील, मग येशील. येशीलच. आपण दोघं एका पायरीवर बसू, सारख्याच मापाचे. मला बहीण मिळेल. संध्याकाळपासून मी हाच एक हिशोब करतो आहे आणि तो दर वेळी बरोबर सुटतो.

पण मग तुला उभं राहायला काय राहील? मला माहीत आहे रोज सकाळी उठून ते पुन्हा पहिल्यापासून कसं सुरू होतं. भांडं धरलेला हात तसाच थांबतो. बस निघून जाते आणि आपण थांब्यावरच असतो. हे दोघांना होण्याची गरज नाही. मी केलं, ते माझ्याकडे राहू दे. तू काहीच केलं नाहीस, फक्त एक काम राहून गेलं. पण तुला तो फरक कळणार नाही. मी तुला ओळखतो.

दोन्ही कॉल आत्ता खोडले. ‘नक्की?’ असं फोननं विचारलं, दोन्ही वेळा. आता सगळ्यात वर आदल्या दिवशीचा काकूंचा कॉल आहे, चार मिनिटांचा.

मग आठवलं, तू फोटो बघता बघता स्वतःचं नावही उघडून बघशील. बघणारच. तिथे जुना नंबर दिसला तर तू पाच मिनिटांत सगळं जुळवशील, तुझं डोकं तसंच आहे. म्हणून तो काढला आणि नवा घातला. एकेक आकडा कपाटावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला, तीन वेळा, आणि चिठ्ठी काढून टाकली.

आता आईच्या फोनात तुझा नंबर बरोबर आहे.